वरकडची ओळ

तलासरीच्या कचेरीत मी दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची. पावती नाही, सही नाही, तपशील नाही, असं लाल पेनाने लिहून परत पाठवायची. संध्याकाळी डहाणूला घरी आले तरी ते डोकं थांबत नसे.

आमची इमारत एका चिकूच्या वाडीला लागून. घरं आमची, पण जमीन वाडीवाल्या काकांची, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. त्यामुळे झाडलोट, पंप, जिन्यातले दिवे यांचा महिन्याचा मेंटेनन्स तेच ठरवायचे आणि कागद दाराखालून सरकवायचे. दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला त्या कागदावर एक नवी ओळ आली: वरकड. पुढे रक्कम. बाकी काही नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे जमीन हलत होती. धक्का बसला की कचेरीतले सगळे अंगणात, आणि माझा जीव आमच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे आई दिवसभर एकटी, गुडघे कामातून गेलेले, लिफ्ट नाही. मी फोन करायची. ती म्हणायची, "मी बरी आहे गं, तू काम कर." मला ते खरं वाटत नसे. संध्याकाळी माठ बघावा तर काठोकाठ, सकाळी मी भरून गेलेला तसाच. पाणीसुद्धा पीत नाही म्हणून मी तिच्यावर खेकसायची.

हा सगळा ताप मी त्या ओळीवर काढला. काकांच्या ओट्यावर जाऊन विचारलं, "काका, वरकड म्हणजे नेमकं काय?"

"असतं थोडंफार. सगळेच देतात, ताई."

"सगळे देतात म्हणून मी का देऊ? तपशील द्या."

ते सुपारी कातरत राहिले. शेजाऱ्यांना गाठलं, तर जो तो नजर चुकवायचा. काय भित्री माणसं, असं मला वाटलं. मी लेखी अर्जच दिला. पुढच्या महिन्यात ओळ गेली. तो कागद मी मोठ्या तोऱ्यात आईला वाचून दाखवला. ती कूस बदलून पडली.

त्याच आठवड्यापासून माठ संध्याकाळी अर्धा दिसू लागला. आई पाणी पिऊ लागली म्हणून मी खूश.

मग एका दुपारी जोराचा धक्का बसला. आईचा फोन वाजत राहिला, उचलेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले, तर हायवेवर ट्रक तुंबलेले. बस कधी हलेल म्हणून मी कंडक्टरला तीनदा विचारलं, शेवटी तो वैतागून मागे जाऊन बसला.

आई जिन्यात सापडली, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर. वर जाता येईना, खाली उतरता येईना. कठड्यावरचा हात मला सोडवावा लागला.

"ती असती तर हाताला धरून वाडीत नेलं असतं," ती म्हणाली.

"ती कोण?"

मग कळलं. धक्के सुरू झाल्यावर काकांनी पाड्यावरची एक बाई वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या सोबतीला ठेवली होती. ती आईला खाली न्यायची, वर आणायची, माठ पुन्हा भरून ठेवायची. खर्च सगळ्या घरांवर वाटला होता आणि सगळ्या घरांना ते माहीत होतं. फक्त मला सांगायचं नाही, अशी गळ आईनेच घातली होती.

"तुला कळलं असतं तर नोकरी सोडून घरी बसली असतीस," ती म्हणाली.

बसले असते, हे खरंच. मला लाज वाटली आणि रागही आला, सगळ्यांचाच.

तशीच खाली गेले. "काका, ती ओळ परत घाला."

"घालतो. पण ती बाई आता दुसऱ्या वाडीत चिकू वेचायला जाते. विचारून बघतो."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत लांब रजेचा अर्ज पाठवला. कारण काय लिहावं ते सुचेना, शेवटी 'घरगुती' एवढंच लिहिलं. तपशील कुणी मागितला नाही.