काकांचं इफिसस
धोंडिबाकाकांकडे गेलात तर चहा मिळेल, पण इफिसस ऐकल्याशिवाय सुटका नाही. इथे परदेशात, रेजिना शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून रिटायर झालेला हा माणूस तुर्कस्तानातल्या त्या पडक्या ग्रीक-रोमन शहराबद्दल असा बोलतो, जणू तिथली नळजोडणी यानेच मंजूर केली होती. भाजक्या मातीचे पाइप, संगमरवरी रस्ता, दुमजली खांबांचं ग्रंथालय. मग गाळाने बुजलेलं बंदर, मागे हटलेला समुद्र आणि ओस पडलेलं शहर. इथवर आले की काकांच्या हातातला चहा निवून जातो. मी त्यांची थट्टा करते, पण तेव्हा नाही.

खूळ जुनं आहे. लग्न झाल्यावर ते इंदूकाकूंना घेऊन जुन्नरची बौद्ध लेणी बघायला गेले. तिथे यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. ही ग्रीक माणसं इतक्या लांब आली तरी कुठून, या प्रश्नाने काकांना धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. त्याचं उत्तर पुस्तकांत शोधताना त्यांना इफिसस सापडलं. "रिटायर झालो की दोघं जाऊ," असं ते काकूंना दर हिवाळ्यात सांगत. तसे आपल्याकडच्या पुरुषांसारखे तेही बायकोच्या चार पावलं पुढेच चालणारे, मॉलमध्येसुद्धा. ते रिटायर झाले आणि काकूंचं विसरणं सुरू झालं.

आता काकूंना वाटतं, आपण इफिससला जाऊन आलो. इथल्या आपल्या बौद्ध असोसिएशनमध्ये रविवारची वंदना झाली की त्या बायकांना सांगत बसतात, काय तो रस्ता, काय ते खांब, आणि पायऱ्यांवर ती मेली माकडं. माकडं जुन्नरची. काका ऐकतात, दुरुस्त करत नाहीत.

यंदा बर्फ वितळल्यावर त्यांची मुलगी स्वाती विंडसरहून आली. डॉक्टरांनी काकूंच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. मी नेहमीसारखी चहाला तिथेच बसले होते.

"बाबा, तुम्ही एकटे जाऊन या. मी इथूनच वर्क फ्रॉम होम करीन, आईकडे बघीन. तिकीट होल्डवर आहे, आज कन्फर्म करायचंय. प्लीज, जस्ट गो."

काकांचा चेहरा लपेना. त्यांना जायचं होतं. इतकं की मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात सोफ्यावरून काकू मला म्हणाल्या, "तिथे यांनी मला मागे टाकलं."

"कुठे, काकू?"

"इफिससला. लेण्यात जायचं म्हणून मी चपला काढल्या. परत घालेपर्यंत हे पुढे गेलेले. हाका मारल्या, वळून पाहिलं नाही. कुणाची भाषा कळेना मला." त्यांचे डोळे भरून आले होते.

"आई, तुम्ही दोघं तिथे कधी गेलाच नाहीत..." स्वाती म्हणू लागली. काकांनी तिला हातानेच थांबवलं. गुडघे धरत ते काकूंसमोर खाली बसले. त्यात बराच वेळ गेला.

"चुकलं माझं, इंदू. परत नाही जाणार पुढे."

मग स्वातीकडे न बघताच म्हणाले, "तिकीट कॅन्सल कर."

काकूंनी पदराने डोळे पुसले. काका तसेच खाली बसून होते. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तिथे समुद्र दिसला का गं तुला?"

"दिसला की," काकू म्हणाल्या. "रस्त्याच्या टोकालाच तर होता. तुम्ही बघितला नाही?"