फोनवरची ती पोरगी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी कंपनीने माझं दुसरं बारसं केलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. साहेबांनी नुसतं वर पाहिलं आणि फोनवर कुठलं नाव सांगायचं ते सांगितलं.

कंपनी जनावरांची गोळी पेंड विकायची. प्रत्येक पोत्यावर नंबर छापलेला असे. तो लावला की नगरमधल्या आमच्या खोलीत फोन वाजायचा आणि आम्ही चारपाच जणी कानाला हेडफोन लावून गाईम्हशींची गाऱ्हाणी ऐकायचो. गिऱ्हाइकांनी बाहेर त्रास देऊ नये म्हणून सगळ्याच मुलींना खोटी नावं, असं साहेब म्हणायचे, आणि ते खरंही होतं. पण माझं नाव ऐकताच त्यांच्या कपाळावर पडलेली आठी मी पाहिली होती. माझं नाव बायबलमधलं. आमच्या कोल्हारच्या ख्रिस्ती घरांत त्या नावाच्या दोनतीन तरी पोरी सापडतील, पण साहेबांना ते जड वाटलं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुस्लिम मैत्रिणीच्या नावालाही तीच आठी पडली. दोघींना अशी नावं मिळाली, की गणपती मंडळाच्या पावतीवर शोभून दिसावीत. डबा खाताना आम्ही एकमेकींना त्याच नावांनी चिडवायचो.

नावाबरोबर आवाजही मिळाला. हळू बोला, गोड बोला, पुस्तकातलं बोला. मी मूळची घाईने बोलणारी. साधं पाणी मागितलं तरी भांडतेय असं लोकांना वाटतं. महिनाभरात माझ्या घशातून दुसरीच एक बाई बोलायला लागली, आणि ती माझ्यापेक्षा बरीच शहाणी होती.

त्याच वर्षी आई गेली. वडील आधीच गेलेले. भाऊ मला ताई म्हणतो, खोलीची मालकीण मॅडम म्हणते, ऑफिसात ते दुसरं. चर्चमध्ये पाळकसाहेब माझं नाव घ्यायचे, पण आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखं. मायेने माझं नाव घेऊन हाक मारणारं माणूसच उरलं नाही, हे एका संध्याकाळी एसटी स्टँडवर लक्षात आलं, आणि तिथेच बाकावर बसून मी रडले.

त्याच सुमारास पारनेर तालुक्यातल्या एका मावशीचा फोन आला. गाय नव्या पेंडीला तोंड लावत नव्हती. जुन्या पेंडीत थोडी थोडी मिसळून घाला, असं मी सांगितलं. आठवड्याने परत फोन. "खाती बाय आता. तुला सांगावं म्हनलं." त्यानंतर तिच्या फोनला तक्रारीची गरज उरली नाही. दुसऱ्या मुलीने उचलला तर ती सरळ म्हणायची, "तू न्हाई, ती दुसरी दे." मुली हसत फोन माझ्याकडे वळवायच्या. तिचे मुलगे चाकणला, नवरा केव्हाच गेलेला, घरात ती आणि एक जर्सी गाय. मी जेवले का, नगरला पाणी येतं का, सगळं विचारायची. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते नाव घ्यायची, कंपनीने दिलेलं. आई जसं माझं नाव शेवटचं अक्षर लांबवून घ्यायची, अगदी तसंच.

मला त्या नावाचा हेवा वाटायला लागला. हसू नका, खरंच वाटायचा. एकदा, फक्त एकदा, या आवाजात माझं नाव ऐकायचं होतं. पण फोन रेकॉर्ड व्हायचे आणि साहेब ते ऐकायचे.

"ये की एकदा. हुलग्याच्या शेंगोळ्या करते. डेअरीपशी उतर," ती नेहमी म्हणायची. एका रविवारी चर्च बुडवून मी गेले.

डेअरीपाशी विचारलं, घर सापडलं. मी कंपनीतली, एवढंच म्हणाले, तर तिने हातातला चारा टाकून माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. शेजारणीला ओरडून सांगितलं, "माझी कंपनीतली पोरगी आली!" मला पोटभर वाढलं. गाय दाखवली. त्या नावाने हाका मारमारून घर डोक्यावर घेतलं. मला राहवलं नाही.

"मावशी, ते माझं खरं नाव नाही. कंपनीने दिलंय." आणि माझ्या नेहमीच्या घाईच्या आवाजात माझं नाव सांगितलं.

"म्हंजी? मग ती कुठं हाय?"

"तीच मी. फोनवर मीच असते."

"तिचा आवाज लई मऊ हाय," ती म्हणाली.

मी तिथेच तो आवाज काढून दाखवायला हवा होता. काढलाही, पण समोरासमोर तो नाटकी वाटला. मलाच लाज वाटली आणि एका वाक्यातच मी तो सोडून दिला. नावामुळे तिचं मन फिरलं का, असाही विचार डोक्यात येऊन गेला. आमच्यासारख्यांच्या डोक्यात तो आधी येतो. पण तसं नसावं, कारण तिने माझ्याच ताटात आणखी वाढलं. फक्त म्हणाली, "खावा, ताई. लाजू नका." पाहुणीशी बोलतात तसं. निघताना तिने माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला, अर्ध्यात अडखळली, आणि हसून सोडून दिलं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. सवयीने मी ते खोटं नाव सांगितलं, त्या मऊ आवाजात.

"हायेस का गं बाय तू?" तिचा जीव भांड्यात पडल्याचं ऐकू आलं. "मला घोरच लागला हुता. आगं, एक पोरगी आली हुती इथं. म्हनली, मीच ती."

मी हेडफोन कानाशी दाबून धरला.

"पोरगी गुनाची हुती, वाईट न्हाई. आई न्हाई वाटतं तिला. जेवताना सारखी माझ्या तोंडाकडं बघत हुती. मी काय धड बोललेच न्हाई तिच्याशी, मला तुझीच काळजी पडली. आता जिवाला लागलंय. तुमच्या कंपनीतलीच हाय ना ती?"

"हो मावशी. आमच्यातलीच आहे."

"तिचं नाव काय गं? मला धड घेताच येईना."

साहेब त्या दिवशी रजेवर होते, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. चालू राहू दे म्हटलं. मी हळू, एकेक अक्षर सुटं करून, माझं नाव तिला सांगितलं. तिने ते मनाशी एकदा म्हणून पाहिलं. मग मोठ्याने म्हटलं, नीट, शेवटचं अक्षर लांबवून.

"बिचारी," ती म्हणाली. "तिला सांग, परत ये म्हनावं. पन आधी तू ये."

येईन म्हणाले. आणि तिलाही निरोप देईन म्हणाले.