सुरणअक्का

मोगरा लावणारी माणसं मला भोळी वाटतात, ती सुरणअक्कांमुळे. लातूरला क्लासच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं आणि त्याभोवती नाक मुरडायला लावणारं सगळं उगवलेलं होतं. कुंपणाला घाणेरी, नळापाशी टाकळा, दाराशी निरगुडी आणि मागच्या अंगणात सुरण. जाईजुई नावालाही नव्हती. "लावला होता की मोगरा," अक्का सांगायच्या. "पहाटे गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन हजर. झाड माझं, फुलं त्यांच्या देवाला. घाणेरीची फुलं आजवर कुणी चोरली न्हाईत बघ."

गल्ली त्यांना पाठीमागे सुरणअक्का म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. "नाव तरी हाय," त्या म्हणायच्या. "बाकीच्यांना नुसता घरनंबर हाय."

त्यांच्या वरच्या खोलीत मी आणि किनवटची शीतल भाड्याने राहत होतो. आम्ही दोघी बौद्ध. ही खोली मिळेपर्यंत बरीच दारं पाहून झाली होती. कुठेही आधी खाण्याचं विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. अक्कांनी एवढंच विचारलं, "नळ चालू ठेवून दात घासता का?" त्या स्वतः लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, घरात अंडंसुद्धा नाही. म्हणून आम्ही सुकट करायचो ती क्वचित, तीही दार लावून, उदबत्ती पेटवून, गुन्हा करत असल्यासारखी.

आमची मेडिकलची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली असताना गल्लीत कुजका वास सुटला. मेलेला उंदीर शोधायला लोकांनी माळे उपसले, गटारावरच्या फरश्या उचलल्या. उंदीर सापडेना, तेव्हा त्यांना आमची आठवण झाली. समोरच्या वहिनी आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "वरच्या पोरी सुकट करून राहिल्या. दुसरं काय?" आम्हाला काढा असं अक्कांना सांगायला संध्याकाळी गल्लीतली मंडळी येणार होती. खोली गेली असती तर शीतलला अभ्यास सोडून किनवट गाठावं लागलं असतं.

माझं घर चळवळीतलं, तिथे पाहुण्यांआधी पत्रकांचे गठ्ठे बसायचे. अन्याय दिसला की कागद काढायचा, हीच सवय. मी "वासाला जात असते काय?" असं पत्रक लिहिलं आणि फाटकावर लावू का म्हणून अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. "बराबर हाय सगळं. पण लई लांब झालं गं. भांडणात एवढं कोण वाचतंय?"

मंडळी आली. अक्कांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथे पान नाही, फांदी नाही, नुसतं जमिनीतून सुरणाचं जांभळं, मांसल फूल वर आलं होतं. त्यावर माशा घोंघावत होत्या. "वाका," अक्का म्हणाल्या. वहिनी वाकल्या आणि नाकाला पदर लावून मागे सरल्या.

आम्ही निर्दोष सुटलो. मला तेवढंही पुरलं असतं. पण वहिनी जाता जाता म्हणाल्या, "आज सुरण निघाला म्हणून. एरवी करतातच की सुकट."

"करतात," अक्का म्हणाल्या. "त्यांच्या खोलीत करतात. मला पण न्हाई सोसत तो वास. मी खिडकी लावून घेते. तुमच्या घराला खिडकी न्हाई का?"

म्हणजे आमच्या सगळ्या उदबत्त्या फुकट गेल्या होत्या.

त्या रविवारी आम्ही दार उघडं टाकून सुकट केली. ती तव्यात पडली आणि खाली अक्कांची खिडकी धाडकन लागली. शीतल हसून हसून खाली बसली. सकाळी अक्का भेटल्या त्या तक्रार घेऊनच. "काल लसूण कमी पडला का गं? खिडकी लावल्यावर वासच येईना."

परीक्षा झाली, आम्ही खोली सोडली. आता मी नांदेडला असते. खोली बघायला गेले की मालकाने विचारायच्या आधी मीच सांगते, आम्ही सुकट खातो. काही दारं तिथेच बंद होतात. होऊ देत. जिथे फक्त खिडकी बंद होते, त्या घरात मी राहते.