आबांच्या ओट्यावर लेंड्यांची पुडी

कळंबच्या आमच्या रानात हरभरा वीतभर झाला आणि कुणीतरी त्याचे शेंडे खायला लागलं. रोज सकाळी नवा वाफा बोडका. माझ्या लेखी संशयित ठरलेले होते: बांधापलीकडच्या आबांच्या आठ शेळ्या. त्या माझ्याकडे बघायच्याही तशाच, सगळं पचवून बसल्यासारख्या.

अडचण एकच होती. माझी विहीर आटली होती, आणि फुलं लागायच्या आत हरभऱ्याला द्यायचं एक पाणी आबांच्या विहिरीतून यायचं होतं. ते नाही आलं तर पीक गेलं. शहाण्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. मी पुरावा गोळा केला.

वाफ्याच्या कडेला लेंड्यांचा ढीग सापडला. तो वर्तमानपत्रात बांधला, आबांच्या ओट्यावर गेलो आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी पुडी सोडली. सावकाश, एकेक घडी उलगडत. खटला म्हटल्यावर थोडा थाट हवाच.

आबांनी चष्मा लावला, एक लेंडी बोटांनी फोडली आणि कुठं सापडलं ते विचारलं. एकाच जागी, मी म्हणालो.

"मग शेळीचं न्हाय," आबा म्हणाले. "शेळी चालता चालता टाकत जाती. रोज एका जागी येऊन ढीग लावायचं काम हरणाचं."

माळावर चिंकारा आहेत हे मलाही ठाऊक होतं. पण अख्खा माळ सोडून ती माझ्याच वाफ्यात कशाला येतील? माझा चेहरा वाचून आबांनी पैज लावली. उद्या तांबडं फुटताना दोघांनी बोरीखाली बसायचं. शेळ्या दिसल्या तर ते नुकसान भरून देणार. नाही दिसल्या तर मी पाणी दुसरीकडं बघायचं.

पहाटे घोंगडी पांघरून आम्ही बसलो. मी रानाकडे कमी आणि आबांकडे जास्त बघत होतो. आज शेळ्या मुद्दाम बांधल्या असणार, अशी माझी खात्री होती. म्हाताऱ्याची शांतताच मला खोटी वाटत होती.

उजाडता उजाडता बांधावर तीन सडपातळ आकृती उभ्या राहिल्या. दोन माद्या, एक शिंगवाला नर. काळ्या शेपट्या सारख्या हलत होत्या. नरानं आमच्या दिशेनं रोखून पाहिलं, पुढचा पाय आपटला. त्यालाही माझा संशय आला असावा. मग तिघंही खाली उतरली आणि माझ्या हरभऱ्याचे शेंडे असे नाजूक खुडू लागली, की आमच्या भाजी खुडणाऱ्या बायकांनी शिकून घ्यावं.

मी हाकलायला उठलो. आबांनी धोतर सावरत माझा गुडघा दाबून धरला.

"आदी मोजून घे. न्हायतर परत म्हणशील, शेळ्याच हुत्या."

मोजली. तीन. घोंगडीत माझे कान तापले. हरणं पोटभर खाऊन गेल्यावर मी पाण्याचा विषय काढला, फार हळू आवाजात.

"मला कशाला इचारतो? आळ ज्यांच्यावर घेतलास त्यांना इचार."

गोठ्यापुढं उभा राहून मी आठ शेळ्यांना हात जोडले. माफीची पहिली ओळ नीट म्हटली, दुसरीला मान खाली घालायचा अभिनय केला, तिसरीला ती खरंच खाली गेली. एकीनंही रवंथ थांबवला नाही. मागं वळून पाहिलं तर आबा नव्हतेच. ते केव्हाच विहिरीवर गेले होते, आणि माझ्या वाफ्याकडच्या पाइपात पाणी गुरगुरत होतं.