क्युपर्टिनोच्या परसात उकळलेला चंद्र

कांचनताई नागपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. अमेरिकेत क्युपर्टिनोला आली ती नवऱ्याच्या, संजीवच्या, नोकरीमागे. डिपेंडंट व्हिसा, म्हणजे काम करायची परवानगी नाही. २००६ च्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या मुलांसाठी तिचं भाषण ठरलं: दुर्बिणी अवकाशात का ठेवतात? ती दोन वाक्यं बोलली नाही तोच अध्यक्ष शैलेंद्रकाकांनी माइक घेतला.

"अहो वहिनी, ताऱ्यांच्या जवळ जाता यावं म्हणून! झालं. आता प्रसादाचं बघा."

सगळे हसले. संजीवही.

ते हसू तिने जपून ठेवलं.

कोजागरीला काकांच्या परसात जमायचं होतं. काकांनी नवी कोरी दुर्बीण घेतली होती. मसाला दूध अर्थातच कांचनताईकडे. दुर्बिणीचं तोंड पूर्वेला आहे, हे तिने येताच पाहिलं. मग प्रोपेनची मोठी शेगडी बरोबर त्या तोंडासमोर मांडली आणि वर पातेलं चढवलं.

"इथे वारा लागत नाही," ती म्हणाली.

चंद्र कुंपणावर आला. काकांच्या लेकीने, निधीने, दुर्बिणीला डोळा लावला. "डॅडी, द मून इज बॉइलिंग!"

काका फोकस फिरवत राहिले. चंद्र थरथरतच राहिला.

"काका, ताप आलाय का त्याला?" कोणीतरी विचारलं.

"लेन्स डिफेक्टिव्ह आहे यार. उद्याच रिटर्न करतो."

कांचनताई दूध ढवळत होती. सगळ्या पोरांचं बघून होईपर्यंत तिने ढवळलं. मग गॅस बंद करून पातेलं आणि शेगडी संजीवला लांब न्यायला लावली.

"आता बघ, निधी."

"वॉव! क्रेटर्स!"

"शेगडीवरची गरम हवा हलत होती, म्हणून चंद्र हलत होता," कांचनताई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आपल्या डोक्यावर मैलोन्मैल हवा आहे, तीही सतत हलते. काही प्रकाश तर खाली येऊच देत नाही. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यायची. जवळ जायला नाही, शैलेंद्रभाऊ. तारे एवढे लांब आहेत की तेवढं वर गेल्याने काय फरक पडणार?"

"शेगडी मुद्दाम ठेवलीस?" संजीव कुजबुजला.

"हो."

काका कसंनुसं हसले. "वहिनी, पुढच्या गणपतीत तुमचं भाषण नक्की."

"भाषण झालं. आता पेले वाटा."

काकांनी मुकाट्याने ट्रे उचलला. संजीवला हसू फुटलं.

"तू पातेलं घास," ती म्हणाली.