नवव्या दिवसाचं दर्शन

सहल कंपनीच्या आचाऱ्याला सगळे महाराज म्हणत. त्याचं राज्य म्हणजे दोन मोठी पातेली, एक झारा, मसाल्याचा डबा आणि बसच्या मागच्या दाराजवळची सीट. ती सीटही पूर्ण त्याची नव्हती. निम्मीवर कांद्याचं पोतं बसायचं. बावीस वेळा तो परदेशी जाऊन आला होता. म्हणजे बावीस वेळा त्याने हॉटेलांच्या मागच्या बाजू पाहिल्या होत्या. आम्ही पर्यटक राजवाडे पाहून परत यायचो तेव्हा तो कुठल्याशा मोरीत पातेलं घासत असायचा. "काय महाराज, कसा वाटला देश?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "पाण्याला जोर आहे."

या वेळी मात्र त्याला एक गोष्ट पाहायची होती. छापील कार्यक्रमात नवव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'सकाळी मंदिर दर्शन, दुपारी मोकळा वेळ.' त्या ओळीखाली त्याने पेनाने रेघ मारली होती.

त्याची एकुलती मुलगी दोन वर्षं अंथरुणावर होती. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले आणि नंतर काही म्हणेनासे झाले. ती डोळे उघडायची, पण ओळखायची नाही. बायकोचे बसच्या, रेल्वेच्या आणि पायांच्या टप्प्यातले सगळे देव करून झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी तिने मुलीच्या मुठीत तांदूळ धरवले, ते रुमालात बांधले आणि नवऱ्याला दिले. "इथल्या सगळ्यांना सांगून झालंय. तिकडच्या देवाकडे गर्दी कमी असेल. निवांत ऐकून घेईल. तेवढा एकच राहिलाय, अहो."

यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पानात आपलं दुःख वाढायचं नाही, असा त्याच्या धंद्याचा नियम होता आणि तो त्याने मिठाच्या प्रमाणाइतकाच काटेकोर पाळला होता.

नवव्या दिवशी सकाळी कळलं की पुढचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद आहे, वळसा पडणार. ड्रायव्हरने रोज किती तास चालवायचं हे तिथे कायद्याने ठरलेलं. त्यामुळे देऊळ किंवा स्वस्तातल्या बॅगांचा बाजार, दोन्हींपैकी एकच जमणार होतं. मॅनेजर माइक घेऊन उभा राहिला. "आपण लोकशाहीने ठरवू."

निवृत्त मुख्याध्यापिका पहिल्या दिवसापासून "देऊळ कधी? इथे कुठे घंटासुद्धा ऐकू येत नाही," असा धोशा लावून होत्या. साहजिकच सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"देव काय, घरी गेल्यावरही आहेच," बाई म्हणाल्या. "तो पळून जात नाही. सेल जातो."

चौतीसपैकी एकतीस हात बाजाराच्या बाजूने वर गेले. माझा कुठे होता हे विचारू नये. बायकोला चाकांची बॅग हवी होती.

मागून आवाज आला, "साहेब, देऊळ यादीत होतं."

"महाराज, तुम्ही स्टाफ," मॅनेजर म्हणाला. "तुमचं मत धरता येत नाही."

"आणि तुम्हाला काय पुण्य कमी पडलंय?" बँकेतून निवृत्त झालेले काका वळून म्हणाले. "रोज आम्हाला जेवू घालताय की!"

बस हसली. महाराजही हसला. मॅनेजरने बाहेर जाऊन देवळाला फोन केला आणि ग्रुप येत नसल्याचं कळवलं. त्या बाबतीत तो फार व्यवस्थित माणूस.

बाजारात उतरल्यावर महाराजने मॅनेजरकडून देवळाच्या पत्त्याची चिठ्ठी मागून घेतली. "जा, पण साडेचारला बसमध्ये. जेवण उशिरा झालं तर शिव्या मला पडतात."

पुढचं सगळं त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन बस बदलून तो उतरला तो गोदामांच्या वस्तीत. एकीकडे टायरचं दुकान, दुसरीकडे फरशांची वखार, मधे पत्र्याची शेड. बाहेर चपलांचं रिकामं कपाट होतं म्हणून देऊळ ओळखू आलं. शटर बंद. त्याने ठोठावलं तसा टायरवाला बाहेर आला, मान हलवली आणि पाटीवरच्या फोन नंबरावर बोट ठेवलं.

पुजाऱ्याने फोन उचलला. नशिबाने आपली भाषा बोलणारा निघाला. मागे यंत्रांची घरघर चालली होती. तो आठवडाभर एका पार्सल गोदामात नोकरी करायचा.

"तुमच्या कंपनीचा सकाळीच फोन आला, येत नाही म्हणून. चौतीस जण येणार म्हणून तर रजा टाकली होती. ती रद्द करून कामावर आलो."

"मी एकटाच आहे."

"एकट्यासाठी कसं सोडतील, काका? सातला सुटतो मी. नाहीतर रविवारी या."

"रविवारी आम्ही पुढच्या देशात."

"मग बाहेरूनच हात जोडा. त्याला काय, शटर आड येत नाही."

"थोडे तांदूळ आणलेत. इथे उंबऱ्यावर ठेवू?"

"नको, नको! तेवढं करू नका. उंदीर होतात, शेजारी तक्रार करतात. आधीच दोन जागा सोडाव्या लागल्यात."

माणूस वाईट नव्हता. त्याने दोनदा माफी मागितली आणि मग त्याला कुणीतरी हाक मारली.

"हात जोडले मी," महाराज मला म्हणाला, "पण बोलता येईना. दुकान बंद असलं की आपण काय मागतो का, साहेब?"

साडेचारला तो बसमध्ये होता. बॅगांसाठी त्याच्या सीटवरचं पोतं त्याच्या मांडीवर आलं होतं.

सहाला मी औषधासाठी गरम पाणी मागायला हॉटेलच्या मुदपाकखान्यात गेलो. त्याने पाणी ठेवलं आणि न विचारता वरचं सगळं सांगितलं. बहुधा कुणाला तरी सांगायचंच होतं. तेवढ्यात फोन वाजला. हात पिठात, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"झालं का, अहो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "झालं."

"तांदूळ?"

"ठेवले."

"सगळं नीट सांगितलंत ना? ओळखत नाही, हात उचलत नाही, सगळं?"

"सगळं. अगदी निवांत. गर्दीच नव्हती."



"म्हणजे हाही झाला," ती म्हणाली.

"अगं, लगेच का गुण येतो? थांबावं लागतं."

"थांबलेच की दोन वर्षं. पण तेव्हा वाटायचं, अजून एक राहिलाय. आता कुणाला सांगायचं?" मग नेहमीच्या आवाजात, "जेवून घ्या वेळेवर," आणि फोन बंद झाला.

महाराज पिठाकडे बघत उभा राहिला. "तिला बरं वाटावं म्हणून बोललो हो. बंद होतं म्हणायला पाहिजे होतं का?"

पुस्तकं बरीच वाचली आहेत, पण ती अशा वेळी उपयोगी पडल्याचं आठवत नाही.

त्याने हात पुसले आणि पुन्हा फोन लावला. रिंग संपेपर्यंत वाजली. त्याने परत लावला. जेवणाच्या दालनातून बँकवाल्या काकांनी भात झाला का म्हणून विचारलं. तिसऱ्यांदाही तिने उचलला नाही. महाराजने फोन फडताळावर उपडा ठेवला आणि भाताचं पातेलं उतरवलं.