निपाणी ते मालदीव: बायकोला नोकरीवर सोडायला

मालदीवला किती खर्च आला, हे दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतो, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. सुनंदाचं तिकीट शाळेनं काढलं. माझं बेळगाव-बंगळूर-माले जाऊन-येऊन, पुढची बोट आणि वरखर्च धरून पस्तीसेक हजार गेले. कुकर, पोळपाट आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या जादा वजनाचे विमानतळावर वेगळे मोजले. त्या भावात चटणीऐवजी बदाम खाल्ले असते. आणि सगळ्यात महाग पडलं ते माझं नाव. निपाणीत मी मोटरवाले आण्णा. त्या बेटावर उतरलो आणि झालो ‘नव्या मिसचा नवरा’.

थोडं आमच्याविषयी. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात झाडू मारायला लागलो, आज हायवेला माझी स्वतःची दोन दुकानं आहेत. कोगनोळी नाक्यापासून बेळगावपर्यंत अशी कचेरी नाही, जिथं माझ्या एका शब्दानं काम हललं नाही. साहेब कानडी असला तर कानडीत, मराठी असला तर मराठीत. शिक्षण मात्र आमच्या घरात सुनंदाकडं. लग्नाआधीच बी.एस्सी. झालेली. पोरगा कामाला लागल्यावर रोज बसनं चिकोडीला जाऊन बी.एड. केलं आणि शेहेचाळिसाव्या वर्षी म्हणाली, मला गणित शिकवायचंय. इथल्या शाळा म्हणायच्या, अनुभव नाही. अनुभव कुठनं आणायचा, ते कुणी सांगेना. मालदीवच्या एका शाळेनं ऑनलाइन मुलाखत घेतली आणि बोलावलं. तीन महिने बघणार, मग वर्षाचा करार.

निघताना दारात माझी थोरली बहीण म्हणाली, “सुनंदा, लोक मालदीवला हनिमूनला जात्यात, आन् तू नोकरीला?”

“आक्का, हनिमूनला तिकीट कुणी काढलंतं?” सुनंदानं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बॅगा डिकीत टाकल्या.

निपाणी-बेळगाव दीड तास. वाटेत चहाला थांबा, पण बेळगावात कुंदा घ्यायला विसरू नका. मी दोन किलो घेतला, एक खास तिथल्या शाळेच्या हेडमॅडमसाठी. जाणाऱ्यांसाठी सूचना: आपल्याला तिथं पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, पण ऑनलाइन फॉर्म आधी भरा. दारू तर नकोच. आमच्या गावच्या माणसांनी तंबाखूची डबीही घरीच ठेवावी, आत नेण्यावर नियम आहेत. मला सहा दिवस तंबाखूशिवाय निघाले, म्हणजे कुणालाही निघतील.

मालेचा विमानतळ म्हणजे समुद्रात ठेवलेलं ताट. बाहेर आलं की समोर रिक्षाऐवजी बोटी. पाणी असं निळं, की आमच्याकडं कुणी भिंतीला तो रंग दिला तर लोक हसतील. धक्क्यावरच्या तिकीटवाल्यानं बॅगांचे वेगळे पैसे सांगितले. मी आधी हिंदीत, मग इंग्रजीत, शेवटी खांद्यावर हात टाकून घासाघीस केली. त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि तेवढेच पैसे घेतले.

“झालं समाधान?” सुनंदा म्हणाली.

तीन तास बोट आपटत गेली. उलटी होणाऱ्यांनी मागं बसावं. बेट एवढंसं, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस बघेल. पांढऱ्या वाळूचे रस्ते, आणि रस्त्याकडेला जोआली: लोखंडी चौकटीला दोरीची जाळी बांधून केलेल्या खुर्च्या. सगळं गाव संध्याकाळी त्यात बसून बोलतं. आपल्या पारासारखंच, फक्त पाठीला आराम. सकाळी मसहुनी, म्हणजे बारीक केलेला मासा, खोबरं, कांदा, मिरची. सोबत रोशी, म्हणजे आपली चपातीच. खोली शाळेनं दिलेली, स्वच्छ. भाजी मात्र बोटीनं येते. कोबीचा भाव ऐकला तर उचगावचा माझा साडू उद्याच तिथं वाफे पाडायला जाईल.

शाळेचा आठवडा तिथं रविवारी सुरू होतो. शनिवारी संध्याकाळी हेडमॅडम जोआलीत बसलेल्या दिसल्या. आमच्याकडं कामाआधी ओळख काढायची पद्धत. मी कुंदा घेऊन गेलो.

“मॅडम, मिसेसची पहिलीच नोकरी. एकदम मोठा वर्ग नको. जरा हलकं बघा.”

त्यांनी कुंदा खाल्ला, मान हलवली, “व्हेरी स्वीट” म्हणाल्या. काम झालं, असं मी समजलो.

रविवारी दुपारी सुनंदा आली आणि चप्पल न काढताच उभी राहिली.

“दुसरीचा वर्ग दिलाय. आन् चित्रकला. गणित न्हायच.”

“बरं झालं की गं. हलकं काम...”

“तुमी मॅडमना काय बोललासा?”

“जरा शब्द टाकला.”

“आजपातूर तुमच्या शब्दावर घर चाललं. हितं माझी मला चुकू द्या की वो!”

मी म्हणालो, परत जाऊन सांगतो. “उंबऱ्याभाईर पाऊल टाकलासा, तर पयल्या बोटीनं धाडून देते,” ती म्हणाली. चिकोडीच्या बसमध्ये उभ्यानं अभ्यास केलेली बाई बदकं रंगवायला एवढ्या लांब आली नव्हती.

सोमवारी ती स्वतःच मॅडमकडं गेली: नववीचा एक तास घेऊ द्या, तुम्ही मागं बसा. मंगळवार ठरला.

मी कुठं जाणार? शाळेच्या भिंतीलगतच्या जोआलीत बसलो. खिडक्या उघड्या, माझे कान मोटरचा बिघाड आवाजावरून ओळखणारे. सुरुवातीला तिचा आवाज अगदीच बारीक. पुस्तकातलं इंग्रजी, आणि वर्ग गार. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“एक बाई आणि तिचा नवरा,” ती म्हणाली, “बोटीचं दोघांचं भाडं हजार रुफिया. प्रत्येक बॅगेला पन्नास. नवऱ्यानं खूप वाद घातला, आणि एकूण साडेबाराशे दिले. बॅगा किती?”

कुणीतरी फिसकन हसलं. एका मुलीनं विचारलं, “मिस, वाद समीकरणात कुठं लिहायचा?”

“लिहायचा नाही. वादाची किंमत शून्य.”

वर्ग हशानं फुटला. त्यातच कुणीतरी ओरडलं, “पाच!” पुढचा अर्धा तास पोरं भाडं बदलून, बॅगा बदलून तिलाच गणितं घालत होती, आणि तिचा आवाज भरात आलेल्या मोटरसारखा सलग, मोकळा चालला होता. मी भिंतीपलीकडं एकटाच हसत होतो. येणारी-जाणारी माणसं सलाम करून पुढं जात होती.

मॅडम एवढंच म्हणाल्या, महिनाअखेरीला बघू.

बुधवारी मी निघालो. ती धक्क्यावर आली नाही, दुसरीचा तास होता.

परत येऊन बघतो तर निपाणी तीच, हॉर्नही तेच, पण संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी त्या जोआलीचा विचार करतो. एक बनवून दारात ठेवलीय. जाणाऱ्यांनी जरूर जावं. रिसॉर्टला पैसे नसतील तर माणसं राहतात अशा बेटावर जावं, तीच खरी मजा आहे. दुकानात मात्र मी सांगत होतो: चूक झाली खरी, पण बघा, समुद्रापलीकडंसुद्धा आपल्या शब्दानं वर्ग बदलतो!

महिनाअखेरीला सुनंदाचा फोन आला. नववी मिळाली. आवाजातच कळलं.

“आणि ऐका. मी मॅडमना इचारलं, तवा मला दुसरी का दिलीसा म्हणून.”

“मग?”

नव्या माणसाला पहिला महिना खालचाच वर्ग देतात. ते वेळापत्रक आम्ही बेळगाव सोडायच्या आधीच भिंतीवर लागलं होतं.